राघोजी चोर होता का?

मुलांनो, या वेळी मी तुम्हाला माहुलीगडावर नेणार होते. मागच्या वेळी तसं कबूलही केलं होतं. पण मधेच वर्गात एक प्रश्न आला आणि गड राहूनच गेला. माहुली काही पळून जात नाही, पुढे कधीतरी जाऊ. प्रश्न मात्र थांबायला तयार नव्हता.

झालं काय, तर आमच्या वर्गात निबंध होता, ‘माझा आवडता वीर’. आमची शाळा मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना टोकावड्याच्या पुढे, डांबरी सडक सोडून थोडी आत आहे. वर्गाच्या खिडकीतून सह्याद्रीची भिंत दिसते. पावसाळ्यात तिच्यावरून इतके धबधबे पडतात, की मुलं फळ्याकडे कमी आणि खिडकीकडे जास्त बघतात. (मीसुद्धा बघते, पण हे तुम्ही कुणाला सांगू नका.)

तर निबंध. बहुतेकांनी शिवाजी महाराजांवर लिहिलं. काहींनी झाशीची राणी घेतली, दोघा-तिघांनी भगतसिंग. चौथीतल्या एका मुलीनं मात्र राघोजी भांगरे लिहिला होता. दीड पान, तेसुद्धा कुठल्याही पुस्तकातून न उतरवलेलं. मी तिला उभं राहून वाचायला सांगितलं. ती दहा-बारा ओळी वाचते न वाचते, तोच मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “बाई, तो तर दरोडेखोर होता. माझ्या दादाकडे एक जुनं पुस्तक आहे, त्यात छापलंय.”

वर्ग हसला. ती मुलगी वाचायची थांबली. वही मिटून तिनं मला विचारलं, “बाई, राघोजी चोर होता का?”

आता खरं सांगते. माझ्याकडे चटकन द्यावं असं उत्तर नव्हतं. “नाही गं, वीर होता,” असं म्हणून तिला बसवता आलं असतं. पण मग दुसऱ्यानं विचारलं असतं, “मग पुस्तकात खोटं छापलंय का?” म्हणून मी म्हटलं, “मला आठ दिवस द्या.” त्या आठ दिवसांत जे वाचलं, विचारलं, ऐकलं, ते आज तुम्हाला सांगते. आईबाबांनाही वाचून दाखवा. तुमच्यापैकी कुणाच्या घरी याहून जास्त माहिती असायचा संभव आहे.

आधी राघोजी कुठला ते पाहू. आमच्या खिडकीतून दिसणारी ती डोंगराची भिंत चढून पलीकडे उतरलं, की अकोले तालुका लागतो. अकोला नव्हे हं, तो विदर्भात. हा अकोले म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. तिथलं देवगाव हे राघोजीचं गाव. माणूस महादेव कोळी समाजाचा. या समाजाचे नाईक पिढ्यान्‌पिढ्या सह्याद्रीचे राखणदार होते. घाटवाटा राखायच्या, गडावर पहारा द्यायचा, लढाई आली की हत्यार घेऊन उभं राहायचं, आणि त्याबद्दल वतन खायचं, अशी त्यांची रीत. म्हणजे राघोजीचं घराणं शिपाईगड्यांचं. त्याचे वडील रामजी भांगरे हेही मोठे नाईक होते.

1818 साली पेशवाई बुडाली आणि कंपनी सरकारचा अंमल आला. नव्या सरकारला गड नको होते, कारण गड म्हटला की बंडाची भीती. कित्येक गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे सुरुंग लावून उडवून दिले. गडच नाही तर पहारेकरी कशाला? शिबंदी घरी पाठवली, नाईकांची वतनं कमी केली, काहींची बंद केली. विचार करा, काल ज्याच्या परवानगीशिवाय घाट चढता येत नव्हता, तो आज रिकाम्या हातानं घरी बसला.

त्यातच शेतसारा रोख भरायचा नियम. हे नीट समजून घ्या, कारण सगळं भांडण इथून सुरू होतं. तुमच्या शेतात भात किंवा नागली झाली, तर पोतं आहे, पण रोकड नाही. सरकारला मात्र ठरल्या दिवशी रुपये हवेत. मग रुपये कुणाकडे? सावकाराकडे. तो देतो, पण कागद करून घेतो. कागदावर काय लिहिलंय ते ज्याला वाचता येत नाही, त्यानं अंगठा उठवायचा. एक-दोन वर्षं पीक बुडालं, की कर्जाचा डोंगर. मग सावकार तो कागद घेऊन कचेरीत जातो. कागद पक्का, साहेबाचा न्यायही पक्का. जमीन गेली.

आमच्या मुलांना ‘वाचायला का शिकायचं’ हे मी सांगते, तेव्हा नोकरीचं नाव काढत नाही. हा कागद सांगते.

राघोजी सुरुवातीला सरकारच्या पोलिसात होता असं सांगतात. तिथं बिनसलं आणि तो डोंगरात गेला. 1844 च्या सुमाराला त्याचं बंड चांगलंच पेटलं होतं. भाऊ बापू भांगरेही बरोबर होता. नगर, नाशिक, पुणे आणि आपला ठाणे, अशा चार जिल्ह्यांच्या डोंगरांत त्याची माणसं फिरत होती. आज घाटावर, तर उद्या कोकणात. पोलीस वाटेनं येईपर्यंत ही माणसं कड्यानं उतरून जायची. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तुम्ही पाहिलाय का? त्याच्या पायथ्याचं बेलपाडा हे गाव आपल्या मुरबाड तालुक्यातलं. तिथं उभं राहून मान वर केली, की टोपी पडते. असल्या मुलखात माणूस शोधायचा म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधायची.

आता जरा कडू भाग. राघोजीच्या माणसांनी सावकारांची घरं फोडली, कर्जाचे कागद जाळले आणि कित्येक सावकारांची नाकं कापली. होय, नाकं. सावकार गावं सोडून तालुक्याच्या गावी पळाले. राघोजीच्या आईचा पोलिसांनी छळ केला, म्हणून तो इतका चवताळला, असं सांगतात. असेलही. पण ज्या माणसाचं नाक गेलं त्याचं गेलंच, आणि त्यालाही घरी मुलंबाळं होती. निबंधात ही ओळ नव्हती. मी त्या मुलीला विचारलं, “हे ठाऊक होतं का तुला?” ती म्हणाली, “आजीनं सांगितलं होतं. मीच नाही लिहिलं. मार्क कमी पडले असते.”

मला हसू आलं. पण बघा, इतिहास लिहिणारी मोठी माणसंही कधी कधी नेमकं असंच करतात!

शेवटी राघोजी सापडला तो डोंगरात नव्हे, तर पंढरपुरात. गोसाव्याच्या वेषात तो तिकडे गेला होता. 2 जानेवारी 1848 रोजी गेल नावाच्या इंग्रज लेफ्टनंटनं त्याला पकडलं. ठाण्यात खटला झाला आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं. ठाण्याचा जुना किल्ला म्हणजेच आजचं मध्यवर्ती कारागृह. तुमच्यापैकी जे ठाण्याला जातात, त्यांनी ती दगडी भिंत पाहिली असेल.

एक आठवण लोक सांगतात. राघोजीनं म्हणे मागणी केली, की मला फासावर चढवू नका, तलवारीनं किंवा बंदुकीनं मारा. मरायचंच आहे, तर असं काय मागितलं त्यानं? कारण फाशी चोराला देतात, आणि शिपायाला हत्यारानं मरण येतं. त्या मुलीचा प्रश्न आणि राघोजीचं मागणं मला एकच वाटतं. मी चोर की शिपाई, एवढंच तो विचारत होता. सरकारनं फाशी देऊन आपलं उत्तर दिलं.

आणि मग सरकारनं ते उत्तर छापलंही. 1880 च्या दशकात इंग्रज सरकारनं मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांची जाडजूड पुस्तकं काढली. त्यांना ‘गॅझेटिअर’ म्हणतात. ती फार उपयोगाची आहेत बरं का. कुठल्या गावात किती विहिरी, कुठला बाजार कुठल्या वारी, सगळं त्यात सापडतं. पण राघोजीचं बंड त्यात टोळ्या आणि दरोडे यांच्या हिशेबात आलं. पुढच्या पुस्तकांनी गॅझेटिअरवरून उतरवलं, त्यावरून आणखी पुढच्यांनी. तसं ते फिरत फिरत आमच्या मागच्या बाकापर्यंत पोहोचलं.

आता तुम्हाला जरा दूर नेते, थेट इंग्लंडात. तिथंही असाच एक शिपाईगडी होऊन गेला, आणि त्याचं काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. डी.एड.ला असताना आमच्या सरांनी त्याची गोष्ट सांगितली होती. तेव्हा मी ती परीक्षेला येणार नाही म्हणून सोडून दिली. आता बसून नीट वाचली.

त्याचं नाव सर जॉन ओल्डकॅसल. काळ साधारण सहाशे वर्षांपूर्वीचा. वेल्स नावाच्या डोंगराळ मुलखातल्या लढायांत तो इंग्लंडच्या राजाकडून लढला. तिथं त्याची राजपुत्र हेन्रीशी ओळख झाली आणि मैत्री जमली. पुढे मोठ्या घरची बायको मिळाली आणि तो लॉर्ड कोभम झाला. सगळं कसं छान चाललं होतं. पण हा गडी लोलार्ड नावाच्या पंथाचा निघाला. या पंथाचं म्हणणं असं, की बायबल लोकांना आपल्या इंग्रजी भाषेत वाचता आलं पाहिजे, ते फक्त पाद्र्यांच्या लॅटिनमध्ये असू नये. ओळखीचं वाटतं ना? आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी 1290 सालीच गीता मराठीत आणली. तिकडे मात्र या बोलण्याला पाखंड म्हणत, आणि पाखंड्याला जाळत.

1413 मध्ये तोच राजपुत्र राजा झाला, पाचवा हेन्री. त्याच वर्षी त्याच्या या मित्रावर खटला चालला आणि तो दोषी ठरला. विचार बदलायला त्याला चाळीस दिवसांची मुदत दिली. ओल्डकॅसलनं विचार काही बदलला नाही, तो लंडनच्या टॉवर नावाच्या तुरुंगातून निसटला! जानेवारी 1414 मध्ये लंडनबाहेरच्या मैदानावर त्याच्या लोकांनी बंड केलं. राजाला आधीच खबर लागली होती, बंड फसलं. जवळजवळ चार वर्षं तो लपत फिरला. अखेर वेल्सच्या सीमेवर सापडला, आणि 14 डिसेंबर 1417 रोजी त्याला त्याच मैदानावर टांगून जाळलं.

इथवर गोष्ट राघोजीसारखीच आहे. गंमत पुढे आहे.

दीडशे-पावणेदोनशे वर्षं गेली. इंग्लंडचा धर्मपंथ बदलला. जे काल पाखंडी होते, ते आज हुतात्मे झाले. 1563 साली जॉन फॉक्स नावाच्या लेखकानं हुतात्म्यांवर एक प्रचंड ग्रंथ छापला, त्यात ओल्डकॅसलला मानानं जागा दिली. आणि त्यानंतर तीसेक वर्षांनी शेक्सपिअर आला. त्यानं ‘चौथा हेन्री’ नावाचं नाटक लिहिलं. त्यात राजपुत्र हेन्रीचा एक म्हातारा दोस्त आहे. ढेरपोट्या, खादाड, दारूडा, थापाड्या, आणि लढाईत मेल्याचं सोंग घेऊन पडून राहणारा. लोक हसून हसून बेजार! या विदूषकाचं नाव शेक्सपिअरनं आधी काय ठेवलं असेल? सर जॉन ओल्डकॅसल!

म्हणजे जो तत्त्वासाठी जळून मेला, त्याचा झाला भित्रा जाड्या.

पण ओल्डकॅसलच्या घराण्याचे वारस, म्हणजे कोभम लोक, तेव्हा लंडनच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते. आपल्या पूर्वजाची अशी थट्टा त्यांना कशी चालावी? नाव बदलावं लागलं. ओल्डकॅसलचा ‘फॉलस्टाफ’ झाला. पुढच्या भागाच्या शेवटी तर रंगमंचावरून जाहीरच केलं, की हा तो माणूस नव्हे, तो हुतात्मा म्हणून मेला. तरी पहिल्या नाटकात जुन्या नावावरचा एक श्लेष शिल्लक राहिला, तो आजही छापला जातो. पाटी पुसली, तरी खडूची रेघ थोडी दिसतेच ना, तसं.

एवढ्यावर थांबलं नाही. 1599 साली दुसऱ्या नाटक मंडळीसाठी चार लेखकांनी मिळून ‘सर जॉन ओल्डकॅसल’ नावाचं नाटक लिहिलं. त्यात तो सज्जन आणि शूर. आणि 1619 मध्ये ते नाटक पुन्हा छापताना छापखान्यानं वर लेखक म्हणून नाव कुणाचं घातलं? शेक्सपिअरचं! खप व्हावा म्हणून हो, दुसरं काय. आज ते चार लेखक फक्त अभ्यासकांना माहीत आहेत. फॉलस्टाफ मात्र साऱ्या जगाला माहीत आहे.

मला यातलं काय लागलं सांगू? कोभम घराणं दरबारात होतं, म्हणून नाव बदललं गेलं. राघोजीच्या घरचं कुणी कुठल्या दरबारात नव्हतं. गॅझेटिअर लिहिणाऱ्या साहेबाकडे जाऊन “हे नाव खोडा,” असं कोण सांगणार होतं? ज्यांना सांगावंसं वाटत होतं, त्यांनी एकच केलं. त्यांनी गाणी म्हटली.

आणि कधी कधी काळ आपणहून नाव बदलतो. त्यासाठी फार लांब जायला नको, आपल्या मुरबाडचाच सिद्धगड घ्या. 1942 च्या लढ्यात माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला आणि मुंबईला वीज नेणारे मोठमोठे मनोरे पाडले. सरकारच्या लेखी तेव्हा ते फरारी गुन्हेगार. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडच्या रानात पोलिसांनी गोळ्या घातल्या, त्यात भाई आणि मानिवलीचे हिराजी पाटील दोघेही गेले. पण पाचच वर्षांत सरकार बदललं, आणि तेच फरारी हुतात्मे झाले. आज त्यांचं स्मारक आहे, दर 2 जानेवारीला तिथं माणसं जमतात, 2020 साली त्यांच्यावर चित्रपटही निघाला. 2 जानेवारी ही तारीख लक्षात आली का? राघोजी पकडला गेला तोही हाच दिवस, पंचाण्णव वर्षं आधीचा. राघोजीला मात्र सरकार बदलण्याची वाट शंभर वर्षं बघावी लागली. आता ठाण्याच्या तुरुंगाशी 2 मेला त्याला अभिवादन करायला लोक येतात, ‘आद्य क्रांतिकारक’ म्हणतात. तरी जुनी पुस्तकं कपाटात तशीच आहेत.

रविवारी मी त्या मुलीच्या घरी गेले. पाड्यावर, कुडाच्या भिंतीचं घर. आजी ओट्यावर वाल सोलत बसली होती. मी म्हटलं, “आजी, तुमची नात राघोजीवर छान लिहिते. तुम्हाला गाणं येतं म्हणे?” आजी आधी लाजली. “बाई, मास्तरणीसमोर काय म्हणायचं आमचं येडंवाकडं!” मग नातीनंच पहिली ओळ धरली, आणि आजीनं उचलली.

चांगलं दहा मिनिटं चाललं. मी इथं ते देत नाही, त्यांचं ते त्यांच्याकडे. पण एक गोष्ट सांगते. त्यात राघोजी ‘होते’ नाही, ‘होता’ आहे. ‘आला’, ‘गेला’, ‘बसला’. आपण घरातल्या माणसाला म्हणतो तसं. म्हणून मीही या लेखात तसंच लिहिलं, रागावू नका. आणि नाकं कापल्याचं त्या गाण्यात आहे! आजीनं ते मुळीच गाळलं नाही. पुस्तकानं एकच बाजू ठेवली, आम्ही निबंधात दुसरी ठेवली, गाण्यात मात्र दोन्ही होत्या.

मधे एका ठिकाणी आजी अडली. डोळे मिटून तिनं दोन-तीनदा मागून सुरुवात केली, पण पुढचं कडवं येईना. “माझी जाऊ म्हणायची ते. ती गेली दोन सालं झाली,” ती म्हणाली. मग तेवढं सोडून पुढचं म्हटलं.

सोमवारी वर्गात मी हे सगळं सांगितलं. मागच्या बाकावरच्या त्या पठ्ठ्यानं दादाचं पुस्तक आणलं होतं, ते आम्ही सगळ्यांनी मिळून वाचलं. तो म्हणाला, “बाई, मग काय लिहायचं? चोर की वीर?” मी म्हटलं, “तुला काय वाटतं ते लिही, पण नाकाची ओळ आणि कर्जाच्या कागदाची ओळ, दोन्ही पाहिजेत. एक गाळलीस तर निम्मे मार्क.” त्या मुलीनं निबंध पुन्हा लिहिला, आता तो अडीच पानांचा झाला आहे. शेवटी तिनं मधलं एक पान कोरं सोडलंय. का म्हणून विचारलं, तर म्हणे, “आजीचं कडवं सापडलं की लिहीन.”

म्हणून तुम्हाला एक काम. शहापूर, मुरबाड, अकोले, जुन्नर, इगतपुरी, या डोंगराच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्यांनी तर नक्कीच करायचं. घरात किंवा शेजारी कुणा म्हाताऱ्या माणसाला राघोजीचं गाणं येतं का, ते विचारा. येत असेल तर ऐकता ऐकता उतरवून घ्या. जसं ऐकाल तसंच लिहा, ‘व्हता’चं ‘होता’ करू नका. म्हणणाऱ्याचं आणि गावाचं नाव घालायला त्यांची परवानगी घ्या. आणि अंकाच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवा. पाकिटावर ‘राघोजीचं गाणं’ असं मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे ते थेट माझ्याकडे येईल आणि मी ते पाड्यावर नेऊन आजीला वाचून दाखवीन.